मोफत वकील कसा मिळवायचा: सातारा जिल्ह्यातल्या माणसासाठी, समन्सपासून वकीलपत्रापर्यंत

कोर्टाचा कागद घरी आला की तो आधी फडताळात जातो आणि मग भावकीत विचारपूस सुरू होते, कुठला वकील किती घेतो म्हणून. आकडा ऐकून माणूस गप्प बसतो. महिना जातो, तारीख निघून जाते, आणि एक दिवस कळतं की दावा एकतर्फी चालला. विधी सेवेकडे, म्हणजे मोफत वकील देणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे, येणाऱ्या प्रकरणांत निस्तरायला सगळ्यांत अवघड असतात ती ही उशिरा आलेली. वकील सरकारी खर्चाने मिळतो, पण वाया गेलेली मुदत परत मिळेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. म्हणून पुढचं सगळं वाचताना एक डोळा कायम तारखेवर ठेवा.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 चा आहे आणि 9 नोव्हेंबर 1995 पासून लागू आहे. त्याच्या कलम 12 मध्ये बसणाऱ्याला वकील देणं हे प्राधिकरणाचं कर्तव्य आहे. तिथे हात जोडून जायची गरज नाही, कागद घेऊन जायची आहे.

कोण बसतं

सगळ्यांत जास्त गोंधळ उत्पन्नाचा. महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 3 लाख रुपये आहे (सर्वोच्च न्यायालयातल्या प्रकरणासाठी 5 लाख). पण ही अट सगळ्यांना नाही. महिला, 18 वर्षांखालची मुलं, अनुसूचित जाती आणि जमातीचे लोक, दिव्यांग, पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात असलेले, औद्योगिक कामगार, मानवी तस्करी किंवा वेठबिगारीत सापडलेले, आणि पूर, दुष्काळ, भूकंप, जातीय अत्याचार अशा आपत्तीने अडचणीत आलेले लोक, यांना उत्पन्नाची अट लागत नाही. सासऱ्याच्या नावावर बारा एकर बागायत असली तरी सुनेला मोफत वकील मिळतो. 'घरचं बरं आहे, तुम्हाला नाही मिळायचं' असं कुणी सांगितलं तर ते चूक आहे, सांगणारा कितीही जाणकार दिसो.

उलट बाजूची चूकही होते. भटके-विमुक्त, ओबीसी किंवा खुल्या प्रवर्गातला पुरुष जातीच्या दाखल्यावर आपोआप पात्र होत नाही. कलमात फक्त अनुसूचित जाती आणि जमाती आहेत. अशा माणसाने 3 लाखांच्या आतल्या उत्पन्नावर अर्ज करायचा. जातीचा दाखला जोडून उत्पन्नाचा कागद विसरला की अर्ज त्रुटीत जातो.

आपत्तीचं कलम आपल्याकडे फारसं कुणी वापरत नाही, हे नवलच आहे. जुलै 2021 मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मीरगावला दरडी कोसळल्या. 2019 आणि 2021 ला कृष्णाकाठच्या, विशेषतः सांगली जिल्ह्यातल्या गावांत घरं पाण्यात गेली. माण-खटावचा दुष्काळ तर नित्याचा. अशा नुकसानीतून कर्जाचं, विम्याचं, घराच्या जागेचं प्रकरण उभं राहिलं असेल तर पंचनाम्याची प्रत जोडून या कलमाखाली अर्ज करता येतो. ऊसतोडीच्या टोळीतल्या मजुराला उचल फिटली नाही म्हणून फडावर अडवून ठेवलं असेल, तर तो वेठबिगारीचा प्रश्न होतो. तो मजूर बीडचा असो की जतचा, जिथे अडवलं त्या तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे जाता येतं.

पात्र आहात एवढ्यावर काम भागत नाही. कलम 13 प्रमाणे तुमच्या म्हणण्यात प्रथमदर्शनी काही तथ्य आहे का, हेही पाहिलं जातं. त्यासाठी केस जिंकण्यासारखी असावी लागत नाही. पण एकही कागद न दाखवता 'भावाने फसवलं' एवढंच लिहिलं तर तपासणाऱ्याच्या हातात काही राहत नाही.

आधी हातातला कागद वाचा

बेलीफ समन्स घेऊन आला तर घ्या. घेतलं नाही तर बजावणी टळते, ही समजूत महागात पडते. नाकारलं तर बेलीफ ते दाराला चिकटवून तसा अहवाल देतो, आणि न्यायालय बजावणी झाली असं धरू शकतं. सही करताना घेतल्याची तारीख स्वतःच्या हाताने लिहा. पुढचे दिवस त्या तारखेपासून मोजले जातात.

मग कागदावरच्या चार गोष्टी वेगळ्या लिहून काढा: कोर्टाचं नाव आणि गाव, प्रकरणाचा क्रमांक (दिवाणी दाव्यावर बहुधा 'रे. मु. नं.', म्हणजे रेग्युलर मुकदमा नंबर, असं असतं), पुढची तारीख, आणि समोरच्याचं नाव. सोबत दाव्याची प्रत आली आहे का ते पाहा. नसेल तर कोर्टात गेल्यावर पहिली मागणी तीच करा. प्रकरणाला सीएनआर नावाचा 16 अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. ई-कोर्ट्सच्या मोबाइल ॲपमध्ये तो टाकला की पुढची तारीख आणि आजवरचे हुकूम फुकट दिसतात. वकील मिळाल्यावरही हे ॲप ठेवा.

नेहमी लागणाऱ्या मुदती अशा आहेत. दिवाणी दाव्यात समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची, कारण दाखवलं तर न्यायालय 90 दिवसांपर्यंत वाढवू शकतं. एकतर्फी हुकूमनामा झाला असेल तर तो रद्द करून घ्यायचा अर्ज 30 दिवसांत. जिल्हा न्यायालयात दिवाणी अपील 30 दिवसांत, उच्च न्यायालयात 90 दिवसांत. चेक परत आल्याची नोटीस आली असेल तर पैसे भरायला नोटीस मिळाल्यापासून 15 दिवस असतात. चेक तुमचाच परत आला असेल तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस गेली पाहिजे, आणि ते 15 दिवस संपल्यावर महिन्याभरात फिर्याद. रस्ता अपघाताच्या भरपाईसाठी मोटार वाहन कायद्यात आता 6 महिने आहेत. पुणे-बेंगळुरू महामार्गावर घरातला कमावता माणूस गेला तर दिवसकार्य आणि पोस्टमॉर्टेमचे कागद यातच दोन महिने जातात, म्हणून हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा.

विधी सेवेकडे अर्ज दिला म्हणून यातली एकही मुदत आपोआप थांबत नाही. उशीर माफ करून घेण्याचा अर्ज करता येतो, पण त्याला कारण लागतं, आणि कारण मान्य करणं न करणं न्यायाधीशांच्या हातात असतं.

कुठे जायचं

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय साताऱ्यात जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे. प्रमुख जिल्हा न्यायाधीश त्याचे अध्यक्ष असतात, आणि रोजचं काम सचिव पाहतात. सचिव हेही न्यायाधीशच असतात. सांगलीकरांनी विजयनगरच्या न्यायालयात जायचं. तिथेही रचना हीच.

पण प्रत्येक कामाला साताऱ्याला यायची गरज नाही. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते, तिथले ज्येष्ठ न्यायाधीश तिचे अध्यक्ष असतात. दहिवडीच्या किंवा पाटणच्या माणसाने एसटीचं भाडं घालवण्याआधी आपल्या कोर्टात चौकशी करावी. समितीची पाटी कधी कोपऱ्यात असते, कधी दिसतच नाही. दिसली नाही तर 'विधी सेवेचं टेबल कुठं आहे' असं कार्यालयात विचारा. बाहेर टायपिंगवाल्यांच्या रांगेत विचारलंत तर उत्तर मिळेल, पण त्याचे पैसे पडतील. अर्जाचा नमुना फुकट असतो आणि अर्जाला शुल्क नाही. नमुना विकणारा भेटला तर पुढे चला.

चुकीच्या कार्यालयात अर्ज दिला तरी तो वाया जात नाही. योग्य ठिकाणी पाठवणं हे घेणाऱ्याचं काम आहे. पण पाठवण्यात दिवस जातात, हे धरून चाला. घरबसल्या करायचं असेल तर नालसाच्या, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर ऑनलाइन अर्ज भरता येतो. 15100 हा टोल-फ्री क्रमांक सल्ल्यासाठी आहे. फोनवरच्या सल्ल्याने दिशा कळते, वकील नेमला जात नाही. त्यासाठी अर्ज लागतोच.

जिल्हा कार्यालयात पुढच्या टेबलावर पॅनल वकील (विधी सेवेच्या यादीवरचे वकील) आणि विधी स्वयंसेवक बसतात. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा. तुमचं म्हणणं लिहून घेऊन, वाचून दाखवून अंगठा घेणं हे त्यांच्या नियमांतच आहे.

अर्ज

छापील नमुना नसेल तर साध्या कागदावर चालतो. भाषा मराठी, मजकूर एका पानाचा. तीन पिढ्यांचा इतिहास लिहू नका, तो वकिलाला सांगायचा आहे. मजकूर साधारण असा:

'प्रति, मा. अध्यक्ष, तालुका विधी सेवा समिती, ____. अर्जदार: पूर्ण नाव, वय, धंदा, राहणार, मोबाइल. विषय: मोफत वकील मिळणेबाबत. मी कलम 12 खाली महिला / अनुसूचित जाती / वार्षिक उत्पन्न 3 लाखांपेक्षा कमी या कारणाने पात्र आहे. माझ्याविरुद्ध ____ येथील न्यायालयात रे. मु. नं. ____ हा वाटपाचा दावा दाखल झाला असून समन्स मला दि. ____ रोजी मिळाले. पुढील तारीख ____ आहे. कैफियतीची 30 दिवसांची मुदत दि. ____ रोजी संपते. या कामी मी दुसरा वकील नेमलेला नाही. तरी वकील नेमून मिळावा. वरील मजकूर खरा आहे. सही / अंगठा.'

यात मुदत संपण्याची तारीख असलेली ओळ सगळ्यांत कामाची, आणि बहुतेक अर्जांत नेमकी तीच नसते. तारीख डोळ्यासमोर आली की टेबलावरचा माणूसही अर्ज वर काढतो. 'दुसरा वकील नेमलेला नाही' हे वाक्य खरं असेल तरच लिहा. आधीचा खासगी वकील असेल तर त्याच्याकडून वकीलपत्रावर ना-हरकत घ्यावी लागते. तो फीच्या बाकीवरून अडवत असेल तर तेही अर्जात लिहा. दोन्हीकडे पाय ठेवला आणि ते नंतर उघडं पडलं तर मंजूर मदत काढून घेतली जाते.

सोबत आधार कार्डाची प्रत, पात्रतेचा कागद, आणि प्रकरणाचे कागद. पात्रतेचा कागद म्हणजे जातीचा दाखला, दिव्यांग प्रमाणपत्र, नाहीतर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. महिलेला आधारवरच काम भागतं. प्रकरणाचे कागद म्हणजे समन्स, नोटीस, एफआयआरची प्रत, जमिनीचं असेल तर सातबारा, आठ-अ आणि वादातला फेरफार. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर 15 रुपयांत निघतो. सगळ्याचे दोन संच काढा. मूळ कागद कुणालाही देऊ नका, फक्त पडताळणीला दाखवा. दुसऱ्या संचावर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घालून घ्या. ही पोच हातात नसेल तर अर्ज केला होता हे नंतर सिद्ध करायला तुमच्याकडे काहीच नसतं.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी लोक सेतूत आठवडे घालवतात आणि तेवढ्यात तारीख निघून जाते. कलम 13 मध्येच म्हटलं आहे की उत्पन्नाबाबत अर्जदाराचं प्रतिज्ञापत्र पुरेसं मानता येतं, त्यावर अविश्वास ठेवण्याचं कारण नसेल तर. म्हणून दाखल्याचा अर्ज टाका, त्याची पावती जोडा, आणि प्रतिज्ञापत्रावर अर्ज पुढे न्या. आणि त्या प्रतिज्ञापत्राला 500 रुपयांचा स्टँप लागत नाही. न्यायालयात आणि सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना राज्याने 2004 पासूनच मुद्रांक शुल्क माफ केलं आहे. साधा कागद चालतो. तरीही रोज कुणीतरी स्टँप विकत घेतोच.

निर्णय अर्ज मिळाल्यापासून 7 दिवसांच्या आत व्हायचा असतो. आठव्या दिवशी पोच घेऊन जा आणि विचारा. नामंजूर झाला तर कारण लेखी मागा, आणि संस्थेच्या अध्यक्षांकडे, म्हणजे जिल्ह्याला प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे, अपील करा. कागदांची त्रुटी असेल तर अपिलात न पडता त्रुटी भरून द्या, ते लवकर होतं.

अर्ज आणि वकील यांच्या मधली तारीख

वकील अजून आला नाही आणि तारीख उद्यावर आली, अशी वेळ येतेच. घरी बसू नका. सकाळी साडेदहाला कोर्टात पोचा, बोर्डावर आपल्या प्रकरणाचा अनुक्रमांक पाहा, पुकारा झाला की उभं राहून सांगा: 'मी विधी सेवा समितीकडे वकिलासाठी अर्ज केला आहे, त्याची पोच ही, वकील नेमेपर्यंत मुदत मिळावी.' हेच दोन ओळींत लिहून, पोचेची झेरॉक्स जोडून द्या. तोंडी बोलणं रोजनाम्यात (कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत) नीट येईलच असं नाही, कागद मात्र फाइलला लागतो. पुकारा झाला तेव्हा चहाला गेलो होतो, हे कारण कुणी ऐकत नाही.

समोरच्याने तूर्तातूर्त मनाईचा अर्ज केला असेल तर मात्र मुदतीवर विसंबू नका. बांध फोडायला, भिंत घालायला मनाई मागितली असेल तर त्यावर लवकर हुकूम होऊ शकतो. त्या दिवशी आधी समितीच्या टेबलावर जाऊन 'आज मनाईची सुनावणी आहे' असं सांगा. तातडीचं म्हणून त्याच दिवशी पॅनल वकील उभा करता येतो.

वकील नेमल्यावर

नेमणुकीचं पत्र तुम्हालाही येतं आणि वकिलालाही. वकील फोन करील म्हणून थांबू नका. पत्र हातात आलं की दोन दिवसांत भेटा, वकीलपत्रावर सही करा, कागदांचा संच द्या. पॅनलवरचा एखादा वकील तुम्हाला माहीत असेल तर अर्जातच नाव लिहा. सचिव ते विचारात घेऊ शकतात, बांधील नसतात.

कोर्ट फी, समन्सचा खर्च, हुकुमाच्या नकला, टंकलेखन, भाषांतर, साक्षीदार बोलावण्याचा खर्च हे विधी सेवेत येतं. तुमचं एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज येत नाही. वकिलाची फी प्राधिकरण देतं, आणि पॅनल वकिलाला तुमच्याकडून एक रुपयाही घेता येत नाही, 'झेरॉक्सपुरते द्या' असं म्हणूनही नाही. मागितले तर तिथे वाद घालू नका. तारीख, रक्कम, काय म्हटलं ते लिहून सचिवांकडे द्या. वकील तारखेला येत नसेल, फोन उचलत नसेल तर ई-कोर्ट्सवरचे रोजनामे काढून तेही जोडा. लेखी तक्रारीवर वकील बदलून मिळतो. पण मला हवं तसं बोलत नाही म्हणून तिसऱ्यांदा वकील बदलायला गेलात तर ऐकून घेणारं कुणी उरत नाही. पॅनल वकिलांत मन लावून काम करणारे आहेत तसे फाइल उघडायला कंटाळणारेही आहेत, खासगीतही हीच गत. फरक एवढाच की इथे तक्रारीला जागा आहे.

अटक झाली असेल तर

इथे दिवसांची नाही, तासांची गोष्ट असते. अटक केलेल्याला 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावं लागतं. त्यावेळी वकील नसेल तर न्यायालयाने आपण होऊन विचारायचं आणि वकील द्यायचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने हे 1980 साली खत्री प्रकरणात स्पष्ट केलं. तरी आरोपीने स्वतः 'मला वकील नाही' हे मोठ्याने सांगावं. नातेवाइकांनी त्याआधीच तालुका समितीकडे जाऊन रिमांडसाठी वकील मागावा. अटकेतल्या माणसाला उत्पन्न विचारत नाहीत.

जिल्ह्याच्या ठिकाणी आता लोकअभिरक्षक कार्यालयं झाली आहेत. 2022 च्या योजनेतली ही पद्धत आहे. तिथले वकील पूर्णवेळ याच कामाला असतात आणि फौजदारी आरोपींचाच बचाव करतात. दिवाणी दावा, पोटगी, जमीन यासाठी त्यांच्याकडे जाऊन उपयोग नाही, ते काम पॅनलकडेच जातं. माणूस तुरुंगात असेल तर कारागृह अधीक्षकांमार्फत अर्ज जातो, आणि तुरुंगात विधी सेवेचं केंद्रही असतं. भेटीला जाल तेव्हा दोन तारखा विचारून घ्या: अटक कधी झाली आणि चार्जशीट कधी गेलं. 60 दिवसांत, गंभीर गुन्ह्यात 90 दिवसांत, चार्जशीट गेलं नाही तर जामिनाचा हक्क तयार होतो, पण तो मागावा लागतो. चार्जशीट आलं की तो हक्क हातचा जातो. शिवाय नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 प्रमाणे पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला सोडण्याची तरतूद आहे. एरवी निम्मा काळ. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ही सवलत नाही, आणि एकापेक्षा जास्त गुन्हे प्रलंबित असतील तरीही नाही.

बायकांची प्रकरणं

कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज, पोटगी, मुलांचा ताबा, या सगळ्याला वकील मिळतो. हिंसाचाराच्या कायद्यात तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडून घटनेचा अहवाल करून घेता येतो, आणि विधी सेवा मिळवून देणं हेही त्या अधिकाऱ्याचं काम आहे. लग्नाचा पुरावा नाही म्हणून अडून बसू नका. पत्रिका, फोटो, मुलाच्या जन्मदाखल्यावरचं वडिलांचं नाव चालतं. नवऱ्याच्या पगाराचा, नाहीतर शेतीचा कागद मात्र जरूर शोधा. पोटगीचा आकडा शेवटी त्यावर ठरतो. साखर कारखान्याला किती टन ऊस जातो याची पावती सापडली तर सोन्याहून पिवळं.

बलात्कार, बालकांवरचा लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांना मनोधैर्य योजनेतून अर्थसाहाय्य मिळतं. ही योजना 2013 ची आहे आणि अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडेच जातो. एफआयआरची प्रत लागते. खटल्याचा निकाल लागेपर्यंत थांबायचं नसतं.

आणखी एक. हक्कसोडपत्रावर सही करायला बहिणीला बोलावणं येतं, बहुधा एखाद्या कार्याच्या निमित्ताने, चार माणसांत. सही करण्याआधी विधी सेवेत फुकट सल्ला विचारता येतो, त्यासाठी दावा चालू असावा लागत नाही. नोंदलेलं हक्कसोडपत्र नंतर रद्द करून घेणं फार कष्टाचं काम आहे. विचारून सही करणाऱ्या बहिणीने नातं तोडलं असं होत नाही.

तहसील आणि प्रांताकडची कामं

आपल्याकडचे निम्मे तंटे कोर्टात जाण्याआधी तहसील कचेरीत असतात, आणि तिथे मोफत वकील मिळत नाही असं बहुतेकांना वाटतं. मिळतो. कायद्याने 'न्यायालय' या शब्दात महसुली न्यायालय, न्यायाधिकरण आणि अर्धन्यायिक काम करणारा अधिकारीही धरला आहे. टेबलावर कुणी 'फक्त कोर्टाच्या केसला वकील देतो' म्हणालं तर कलम 2(1)(aaa) दाखवा, शांतपणे.

फेरफाराची नोटीस आली तर हरकत 15 दिवसांत, तलाठ्याकडे लेखी, पोच घेऊन. नोंद प्रमाणित झाली असेल तर प्रांताकडे अपील 60 दिवसांत. वहिवाटीचा रस्ता अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे, अडवल्यापासून 6 महिन्यांच्या आत. रस्ता पूर्वी नव्हताच आणि नवा मागायचा आहे, तर जमीन महसूल संहितेचं कलम 143. ही दोन कलमं एकमेकांच्या जागी लावल्यामुळे अर्ज फेटाळले जातात आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं करावं लागतं. सहा महिने तोवर उलटलेले असतात.

लोकअदालतीचं बोलावणं

राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून काही वेळा होते. बँकेचं थकलेलं कर्ज, वीजबिल, घरपट्टी, तडजोडयोग्य फौजदारी, अपघाताचे दावे त्यात ठेवले जातात. दाव्याआधीचंच प्रकरण असेल तरी नोटीस येते. ती शिक्षेची नोटीस नसते, घाबरू नका. प्रलंबित दावा मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते.

पण तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. म्हणून सही करण्याआधी कागद वाचून घ्या, वाचता येत नसेल तर पॅनलवरच्या न्यायाधीशांनाच 'वाचून दाखवा' म्हणा. हप्ते किती, कोणत्या तारखेला, एक हप्ता चुकला तर काय, हे तीन मुद्दे लेखी असले पाहिजेत. 'ऊसबिल आल्यावर भरीन' असं तोंडी ठरलं आणि कागदावर पुढच्या महिन्याची 5 तारीख पडली, तर दरखास्त, म्हणजे वसुलीची कारवाई, कागदाप्रमाणे चालते. पटत नसेल तर सही करू नका. प्रकरण आपल्या जागी परत जातं, नुकसान काही होत नाही.

वरच्या कोर्टात

18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालं आहे. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि कोल्हापूर हे सहा जिल्हे त्याच्याकडे आहेत. त्यामुळे सत्र न्यायालयाने दिलेल्या शिक्षेवरचं अपील (मुदत 60 दिवस) किंवा दुसरं दिवाणी अपील यासाठी मुंबईची वारी उरलेली नाही. अर्ज साताऱ्याच्या जिल्हा प्राधिकरणात दिला तरी तो उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडे पाठवला जातो. निकालाच्या दिवशीच प्रमाणित नकलेचा अर्ज करा. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात, पण नकलेसाठी अर्ज करण्याआधी घरी काढलेले दिवस वजा होत नाहीत. विधी सेवेचा अर्ज त्याच दिवशी, त्याच आवारात, नक्कल अर्जाची पावती जोडून देता येतो.